‘साफ’ला जपानीत काय म्हणतात

माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याशी मी आजही बोलत नाही. लग्नकार्यात समोर आले तर पदर सारखा करते आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसते. लोक मला समजावतात. अहो ताई, परदेशात चालून चालून दमला असाल, कुरबूर झाली असेल, म्हणून काय जन्माचं धरून बसायचं? धरून बसणार. माझा राग आहे, मी तो कुठंही घेऊन बसेन.

आम्ही तिघी शाळेपासूनच्या. मला काटेवाडीत दिली. आमची टोमॅटोची आणि ढोबळी मिरचीची शेती. तिला अंथुर्ण्यात दिली. दाबून ऊस, कारखान्याचे सभासद, दारात ट्रॅक्टर. तिसरी कळंबची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, म्हणून तिला आम्हीसुद्धा ‘बाई’च म्हणतो. आणि अंथुर्ण्याच्या मैत्रिणीचा नवरा म्हणजे आमचे दाजी. नातं असं आहे की चेष्टा करायची, मान द्यायचा, आणि ते काही बोलले तर हसायचं. चाळीस वर्षं हसले की मी.

माझी एकुलती एक लेक जपानात नोकरीला आहे. तिनं एकदा फोटो पाठवले. कुमानो म्हणून तिकडं डोंगर आहेत, त्यातून देवाला जायची फार जुनी पायवाट आहे. दगडी पायऱ्या, त्यावर शेवाळ, दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेली झाडं. खाली लिहिलं होतं, ‘आई, तुम्ही तिघी या. राहायचं-खायचं मी बघते.’ त्यातल्या एका फोटोत वाटेकडेला ओळीनं छोट्या छोट्या दगडी मूर्ती होत्या. बाळासारखी गोल डोकी, आणि गळ्यात चक्क लाल लाळेरं. तान्ह्या पोराला दूध पाजताना बांधतो ना आपण, तेच. लेकीनं सांगितलं होतं, ‘हा जिझो. जी बाळं जन्माला आलीच नाहीत त्यांना सांभाळणारा देव. आया येऊन लाळेरं बांधतात.’

मैत्रीण त्या दिवशी माझ्याच ओसरीवर होती. पुढं क्रेट भरायचं चाललं होतं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, दोन बोटांनी तो फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “मी येणार. आन तितं मला थांबायचं हाय.”

“थांबू की.”

“साफ केलेल्यांसाठी चालतं का, तेवढं कुणाला तरी इचारायचं. ह्यांना सांगू नगंस.”

या शब्दाचं सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. थोरल्या मुलीनंतर तिला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा गाडी करून कुठल्या तरी लांबच्या दवाखान्यात नेली. मशीनवर बघितलं, मुलगी म्हणाले, आणि ती रिकामी होऊन घरी आली. भेटायला येणाऱ्या बायकांना सासू दारातच सांगायची, “पिशवी साफ केली तिची.” विहीर साफ करतात, टाकी साफ करतात, तशी पिशवी साफ. त्यात कुणी मेलं नाही, कुणी मारलं नाही. नुसती स्वच्छता! येणाऱ्या बायकाही माना हलवायच्या, खोबरं-खसखस द्या म्हणायच्या. सगळ्यांना सगळं माहीत. पुढं मुलगा झाला तेव्हा गावभर पेढे. तेव्हापासून मला त्या शब्दाची इतकी चीड आहे की माझ्या घरात मी भांडी घासा म्हणते, ओटा पुसा म्हणते, अंगण झाडा म्हणते. तो शब्द मी वापरत नाही.

तर आम्ही तिघींनी जायचं ठरवलं, आणि दाजी मध्ये घुसले. “बायका एकट्या कशा जाणार? भाषा येत न्हाय, मुलूख माहीत न्हाय. मी येतो.” जणू यांचं बालपण जपानातच गेलं होतं! मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “दाजी, चालायचं असतंय तितं. चढ हाय.” तर म्हणतात, “अवो, आमी रानातली मान्सं.” रानात हे बुलेटवरून जातात.

लेकीला सुट्टी नव्हती. तिनं आम्हाला स्टेशनावर उतरवून घेतलं, बसमध्ये बसवलं आणि फोनमध्ये एक सोय करून दिली. आपण मराठीत बोलायचं, फोन जपानीत बोलतो. आता त्याला आमची मराठी कुठली कळायला? मैत्रीण एका दुकानात म्हणाली, “चहा हाय का?” फोननं त्यातलं ‘हाय’ तेवढं इंग्रजी समजून उचललं आणि दुकानदाराला नमस्कार घातला. तो बिचारा कमरेत वाकला, ही पण वाकली, पुन्हा तो वाकला. चहा काही आला नाही. आम्ही पोट धरधरून हसलो. शेवटी बाईनं फोन हातात घेतला आणि वर्गात धडा वाचावा तसं ‘आपल्याकडे चहा आहे का’ म्हणून विचारलं. तेवढ्या हसण्याचं मात्र मला आजही बरं वाटतं.

वाट सुंदर होती, नाही म्हणणार नाही. पाय टाकला की ओल्या पानांचा वास यायचा. माणसं भेटायची ती हळू बोलायची, वाट द्यायची. आणि आमचे दाजी त्या शांततेत फोनवर ऊसतोडणीच्या टोळीला शिव्या घालत चाललेले. दम लागला की उभे राहायचे आणि आम्हाला म्हणायचे, “दमला काय तुमी? थांबा जरा.” मैत्रीण पुढं. तिच्या गुडघ्याला पट्टा होता, हातात काठी होती, पण ती थांबत नव्हती. प्रत्येक वळणावर मान उंच करून बघायची. काय शोधतेय ते मला माहीत होतं.

एका चढावर दाजी माझ्या बरोबरीनं आले आणि म्हणाले, “ताई, पोरगी असावी तर तुमच्या लेकीसारखी. काय डेरिंग! लोक पोरगा पोरगा करत्यात, पण नाव काढलं ते तुमच्या पोरीनं.”

मैत्रीण पुढं हाकेच्या अंतरावर. तिनं ऐकलं. चालता चालता थांबली, बाटली काढली, पाणी प्यायली, झाकण लावलं आणि पुन्हा चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! या माणसाला लाज नाही? कौतुक करताना तरी? माझ्या तोंडावर आलं होतं, पार जिभेवर होतं. बाईनं माझा दंड धरला. “जाऊ दे गं. परक्या मुलखात तमाशा नको.” ही आमची बाई जन्मभर जाऊ दे म्हणत आली. चांगली आहे, पण या ‘जाऊ दे’नं किती जणींचं वाटोळं केलंय त्याचा तिनं कधी विचार केलेला नाही. मी गप्प बसले ते मैत्रिणीसाठी. तिला तिथं पोचायचं होतं आणि भांडण झालं असतं तर दाजींनी तिला घेऊन पुढच्या गावातून बस धरली असती.

दुपारच्या सुमाराला वाट एका लहानशा देवळाजवळून गेली. लाकडी, काळपट, आपल्याकडच्या खळ्यातल्या खोपीएवढं. आणि त्याच्या बाजूला ते सगळे, ओळीनं. लाल लाळेरी. काही नवी, काही उन्हापावसानं पांढरी पडलेली. एकाच्या पुढ्यात कुणीतरी खुळखुळा ठेवला होता.

मैत्रीण उभ्या जागी खाली बसली.

दाजींनी काय करावं? डोक्यावरची टोपी काढली, त्यातल्या एकाच्या डोक्यावर घातली, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि म्हणाले, “उठा, उठा. पाच मिन्टात निघू. चढ संपला की जेवू.” आणि फोन आला म्हणून बोलत बोलत पलीकडं गेले. मी जाऊन ती टोपी उचलली आणि झाडीत भिरकावली. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

देवळामागून एक म्हातारी आजी आली, हातात खराटा. देऊळ तीच बघत असावी. मैत्रीण उठली. मला म्हणाली, “इचारू का?” मी म्हटलं, “इचार. मी हाय.” बाईनं फोन तिच्यापुढं धरला. हाय-न्हाय याला कळत नाही हे आता तिला माहीत होतं, म्हणून तिनं आधी मनात वाक्य जुळवलं. मग शाळेतल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “माझ्या दोन मुली आहेत. नाही. होत्या. त्या साफ केल्या. हे चालतं का?”

फोन काहीतरी बोलला. गोड, पोरीसारखा आवाज. आजी ऐकून एकदम हसली, मान हलवली आणि लगबगीनं आत गेली. मैत्रिणीचा चेहरा असा उजळला! चालतंय, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

आजी बाहेर आली ती पाण्याची बादली आणि काथ्याचा ब्रश घेऊन. दोन मूर्तींकडं बोट दाखवलं आणि ब्रश मैत्रिणीच्या हातात दिला.

आम्हाला काही कळेना. बाईला आधी कळलं. “अगं, तिला वाटलं तुला मूर्ती साफ करायच्यात.”

तेवढ्यात दाजी आले. बायकोच्या हातात ब्रश, पुढं बादली. आणि हा माणूस हसला. मोठ्यानं हसला. “घ्या! हितं येऊन बी घासायचंच काम!”

“दाजी, दात काढू नका,” मी म्हणाले. माझा आवाज त्या झाडीत असा घुमला की वाटेवरची दोन माणसं थबकली. “एक शब्द बोलू नका तुमी. तोंड बंद.” चाळीस वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. बाईनं या वेळी माझा दंड धरला नाही.

मैत्रीण वाकली. ब्रश पाण्यात बुडवला आणि खरंच एका मूर्तीच्या पाठीवरून फिरवला. एकदा, दोनदा. शेवाळाचं पाणी हिरवं होऊन खाली आलं. मग तिनं ब्रश बादलीत टाकला, हात लुगड्याला पुसले आणि बाईला म्हणाली, “दे तो फोन.”

फोन तोंडापाशी धरला. “माझ्या पोटात दोन मुली होत्या. आम्ही त्यांना मारलं.”

“अगं ए!” दाजी पुढं आले. “काय बोलतीस? मारलं काय? कुनी मारलं? साफ केलं म्हनत्यात त्याला.”

“म्हनलं की मगाशी,” ती म्हणाली. “बादली दिली तिनं.”

आणि बटण दाबलं.

तोच गोड आवाज. तेवढ्याच सवडीनं, तेवढ्याच आदबीनं फोननं ते जपानीत सांगितलं. दाजींना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली. आजीचं हसू गेलं. तिनं मैत्रिणीकडं बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडं, मग दाजींकडं. दोन बोटं वर केली. मैत्रिणीनं मान हलवली. व्हय, दोन.

आजीनं बादली उचलली आणि आत नेऊन ठेवली. परत आली तेव्हा हातात दोन लाळेरी होती, कोरी, लाल, घड्या घातलेली. ती तिनं मैत्रिणीच्या हातात ठेवली.

मैत्रिणीनं पहिलं बांधलं. तिच्या हाताला इतक्या वर्षांनंतरही सवय होती. नाडी ताणायची नाही, गळ्याला बोटभर जागा ठेवायची. मी आणि बाई दोन्ही बाजूंना उभ्या होतो. बाई रडत होती. मला रडू येत नव्हतं. मला त्या सासूचा, त्या दवाखान्याचा, त्या खोबरं-खसखस सांगणाऱ्या बायकांचा, सगळ्यांचा इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

दुसरं बांधायला तिनं घेतलं तेव्हा दाजी जवळ आले. बोडक्या डोक्यानं. हात पुढं केला, ते कापड धरायला.

“माज्या बी लेकी हुत्या त्या.”

तिनं कापड त्यांच्या हातापासून बाजूला घेतलं.

“मग तवा म्हनायचं हुतं,” ती म्हणाली, आणि नाडी बांधली.