फाटकातली सीतादही

माझा सूर्यावर राग नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण सौर प्रकल्पाचं कुंपण आमच्या वाटेवर पडल्यापासून जो तो मला समजावत सुटलाय की आजी, ही स्वच्छ वीज आहे, धूर नाही, धूळ नाही. अरे, धूर नाही हे मलाही दिसतं. मोतीबिंदू काढून झालाय माझा. माझा राग कुंपणावर आहे.

वर्ध्याजवळच्या आंजीच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाबाहेर दोन शेजाऱ्यांच्या वावरांमधून जाणारी एक वाट. बैलबंडी जेमतेम जाईल एवढी. तिच्या टोकाला आमचं शेत. कधीकाळी दोन्ही शेजाऱ्यांनी आपापल्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, पट्टी सोडली, आमच्या आजेसासऱ्यांनी मान डोलावली, झाला रस्ता. कोणी कुठे लिहून ठेवलं नाही. शेजाऱ्याला कागद मागणं म्हणजे तोंडावर त्याला चोर म्हणणं, अशी आमच्याकडची रीत. त्या शेजाऱ्यांची नातवंडं आता नागपुरात राहतात. त्यांनी जमिनी कंपनीला भाड्याने दिल्या. देऊ देत, त्यांच्या आहेत. पण वाट कोणाची?

या वाटेला शिव्या देणारी पहिली बाई मात्र मीच. नवी नवरी, वर्ध्याची, मॅट्रिक झालेली, शेतात निघाली होती टाचेच्या चपला घालून! वाटेतल्या काळ्या चिखलात एक चप्पल रुतली ती रुतलीच. ही महाराणी तिथेच फतकल मारून रडली आणि सासूला म्हणाली, “आग लागो या वाटेले! बंद करा हिले कोणीतरी!” सासू शांतपणे म्हणाली, “करतीन बरं बंद. मंग उडत येजो.” ती पोरगी आज मला भेटली, तर उरलेली चप्पल तिच्याच पाठीत घालीन.

कंपनीचा इंजिनिअर माझ्या नातवाच्या वयाचा, पुण्याकडचा, गोड बोलणारा. मोबाइलवर नकाशा दाखवून म्हणाला, “आजी, इथे रस्ता दिसतच नाही हो.”

“मंग माही बंडी आजवर काय आभाळातून गेली?”

“नाल्याच्या कडेने जाता येईल ना.”

नाल्याच्या कडेने शेळी जाते. कापसाने भरलेली बंडी जात नाही. हे त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. त्या हसण्याने माझं डोकं जे तापलं, ते अजून निवलेलं नाही. सौर पाट्यांमागून मोठाले पांढरे डबे यायचे होते, बॅटरीचे. दिवसाची वीज त्यांत भरून ठेवायची आणि संध्याकाळी लागेल तिथे सोडायची. हुशारीची गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या डब्यांच्या ट्रेलरसाठी रुंद रस्ता, त्यावर मुरूम, वळायला ऐसपैस जागा, हे सगळं नकाशात होतं. ट्रेलरला वळायला जागा आणि माझ्या बैलांना सरळ चालायला नाही?

तेवढ्यात कापूस फुटला. कुंपणापलीकडे शेत पांढरं झालेलं दिसत होतं आणि अलीकडे आम्ही उभे. पोरगा म्हणायचा, “माय, तहसीलात अर्ज देला ना आपण. तू काऊन भांडून राह्यली?” अर्ज आपल्या जागी पडून होता. बोंडं थोडीच अर्जासाठी थांबतात? एक पाणी आलं असतं तर सगळा कापूस मातीत गेला असता.

आमच्याकडे वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करतात. कपाशीखाली पाच दगड मांडायचे, कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मगच पहिलं बोंड वेचायचं. आणि आमच्या गावात आणखी एक नेम आहे: मांडलेले दगड उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटचं बोंड वेचून होईपर्यंत, कोणी हलवायचे नाहीत. आमची वाट जिथे सुरू व्हायची तिथेच कंपनीने फाटक केलं होतं. वावरात जाऊ देत नाहीत, तर जिथे अडवलं तिथेच मांडायची सीतादही! फाटकाच्या मधोमध मी दगड ठेवले, कपाशीची एक फांदी रोवली आणि वेचणाऱ्या बायांना हाक मारली.

त्यांच्यातली सगळ्यांत बोलकी बाई बौद्ध घरची. तिने पदर खोचला. “आजी, आमच्यात हे पूजाबिजा नाई. पण पूजा तुमची, बसणं आमचं!” म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी फतकल मारून बसली.

दुपारी पहिला डबा घेऊन ट्रेलर आला. ड्रायव्हरने कुंकू पाहिलं, दहीभात पाहिला, इंजिन बंद केलं. ठेकेदार ओरडला, “उचला ते दगड!” त्याची माणसं आमच्याच गावची. एकानेही हात लावला नाही. एक जण पुटपुटला, “साहेब, माही मायच बसली हाय तिथं.”

इंजिनिअर धावत आला. आता हसत नव्हता.

“आजी, काय पाहिजे तुम्हाला?”

“मले काई नाई पायजे. माह्या बंडीले वाट पायजे.”

फोन झाले, मग पुन्हा फोन झाले. शेवटी ठरलं की वेचणी संपेपर्यंत दगड हलणार नाहीत, फाटक आमच्यासाठी उघडं राहील आणि ट्रेलर बाजूचे दोन खांब काढून आत नेतील. पोरगा माझ्या कानाशी म्हणाला, “हात जोड ना माय, मेहेरबानी झाली.” मी हात जोडले नाहीत. माझ्याच वाटेने मला जाऊ दिलं, याचे आभार मानू?

कापूस घरी आला. सगळा. पांढरे डबे आत रांगेने बसले, त्यांचे पंखे दिवसभर घोंघावतात. बाकीच्या गावाची उलंगवाडी कधीच झाली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून टाका, फरदड, म्हणजे त्याच झाडांचं उशिराचं पीक, घेऊ नका, बोंडअळी वाढते, असं कृषी सहायक सांगून गेला. मी त्याचं ऐकलं. सगळं शेत मोकळं केलं. फक्त धुऱ्यावरचं एक झाड ठेवलंय. त्याच्यावर दोन बोंडं आहेत. रोज जाऊन पाहते, अळी नाही.

परवा इंजिनिअर फाटकाशी कुलूप घेऊन उभा होता. “आजी, संपली ना वेचणी?”

“कुठं संपली बापा? दोन बोंडं हायेत अजून.”

“ती कधी फुटणार?”

“मले काय मालूम! फुटले की सांगतो,” म्हणाले, आणि त्याच्या समोरून बंडी आत नेली, रिकामी.