नाना विद्यापीठ पाहायला आले
कडुनिंबाच्या मोहोराचा वास आला की जळगावजवळचं विद्यापीठ पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. मला तिथं शिकायला पाठवायचं की नाही, हे ते सोयरिकीचं घर पाहावं तसं पाहून ठरवणार होते. आवार एवढं, की गेटातून निघताना मी पोर होते, वसतिगृह येईपर्यंत लग्नाचं वय उलटून गेलं. नानांनी भिंती ठोकल्या, नळ सोडून पाहिले, ग्रंथालयातल्या बाईंना त्यांचं माहेर विचारलं. होकार नाही, नकार नाही. कँटीनमध्ये पोहोचलो तेव्हा उन्हानं दोघांची जीभ टाळूला चिकटलेली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "नको माय," नाना म्हणाले, "आते पोर आठे दिधी. पोरना घरनं पानी पेतस का?" म्हणजे पोर इथं दिली, आणि दिलेल्या लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही. आता मी तिथेच शिकवते. नाना भेटायला येतात, घरून, दोंडाईच्याहून पाण्याची बाटली भरून.