पोच बाकी

दूध तापवण्याआधी हुंगायचं. नवीन पुस्तक हातात आलं की तेही हुंगायचं, नाव मग वाचायचं. लोणच्याची बरणी, औषधाची बाटली, चकलीचा डबा, सगळ्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायची. अंबाड्यात पेन्सिल खोचायची आणि तीच पेन्सिल टेबलावर शोधत दुसऱ्यांवर खेकसायचं. चहा दोनदा गाळायचा. रिक्षावाल्याने 'आंटी' म्हटलं की उतरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आभार कधीच मानायचे नाहीत. फार तर "पोचलं" म्हणायचं.

क्षिप्रा दामल्यांच्या या सवयी संचिताने चार वर्षं बघितल्या होत्या. क्षिप्राताई त्रेपन्न वर्षांच्या. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायच्या. नमुना हुंगायचा, तपासायचा, चिठ्ठी लावायची, बहुतेक वेळा परत पाठवायचा. माणसांनाही त्या तेच करायच्या. संचिता सव्वीसची, मराठी घेऊन एम.ए. झालेली. ठाण्यात एका गाइड छापणाऱ्याकडे प्रुफं तपासायची. दोघींची गाठ पडली ती डोंबिवली पूर्वेच्या वाचनालयात, माडीवरच्या खोलीत.

त्या खोलीत नऊ जणांचा एक गट रविवारी सकाळी जमायचा. त्यांची एक रीत होती, दिवाळीची देवघेव. दसऱ्याला प्रत्येकाने एक मागणीपत्र लिहायचं. आपल्या आवडत्या जुन्या गोष्टीतली कोणती माणसं पुन्हा भेटायला हवीत, त्यांचं काय व्हायला हवं, काय अजिबात नको. नाव घालायचं नाही. पत्रं लाडवाच्या डब्यात टाकायची, एकेकाने एक उचलायचं आणि भाऊबीजेपर्यंत ती गोष्ट लिहून पाकिटात द्यायची. ज्याला मिळाली त्याने तुळशीच्या लग्नाच्या आत दोन ओळींची पोच द्यायची. पोच आली की लिहिणाऱ्याचं नाव उघड करायचं.

"याला फॅनफिक म्हणतात," पहिल्या वर्षी संचिता म्हणाली होती.

"तुझ्या कॉलेजात म्हणत असतील," क्षिप्राताई म्हणाल्या. "इथे पुढची गोष्ट म्हणतात."

त्यांचं मागणीपत्र दरवर्षी तेच असायचं. नाव नसलं तरी आंधळ्यानेही ओळखलं असतं. होडीवाली कोंडाबाई नावाची बारा छोटी पुस्तकं होती, आता कुठेही न मिळणारी. कोंडाबाई खाडीवर होडी चालवते, लोकांना पार करते, कुणाचं ऐकून घेत नाही. बाराव्या पुस्तकाच्या शेवटी तिची दुरावलेली बहीण पलीकडच्या धक्क्यावर येऊन हाका मारते. कोंडाबाई होडी वळवते आणि निघून जाते. पुस्तक तिथेच संपतं.

'दुसऱ्या दिवशीची सकाळ हवी,' असं पत्रात असायचं. 'समेट नको. रडारड नको. पाऊस नको. कोंडाबाई कुणाला समजावून सांगत नाही. हे जमत नसेल तर लिहू नये.'

तीन वर्षांत तिघांनी लिहिलं. तिघांना एकेका शब्दाची पोच मिळाली. 'पोचली.' 'ओलसर.' तिसरी रत्नदीपला, 'का?' रत्नदीप शाळेत गणित शिकवायचा आणि स्वतःला विनोदी समजायचा. ती पोच त्याने फ्रेम करून घरी लावली होती.

या वर्षी ते पत्र संचिताच्या हाती आलं. तिने घडी उघडली आणि तिच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं.

"मेलीस तू," रत्नदीप कानात म्हणाला.

संचिताला मात्र ते पत्र हवंच होतं. त्या बाईंकडून एक नीट पोच मिळवायची, हे तिने मनाशी कधीच ठरवलं होतं. शिवाय तिला एक गोष्ट ठाऊक होती जी बाकीच्यांना नव्हती. एकदा वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना क्षिप्राताई मध्येच म्हणाल्या होत्या, "आई हेमाकडे गेली. ठाण्याला. सकाळी गेली. मला दुपारी कळवलं." हेमा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. आई वारली तेव्हापासून, सहा वर्षं, दोघी बोलत नव्हत्या. एवढंच सांगून त्यांनी छत्री उघडली होती.

संचिताने नऊ पानं लिहिली. कोंडाबाईची आई बहिणीच्या घरी मरते. निरोप दुपारी येतो. म्हणून वैर. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण पुन्हा धक्क्यावर येते, आणि आठव्या पानावर दोघी बोलतात. पाऊस नव्हता. रडणं दीड ओळीचं होतं. समेट होता. तो नको असं लिहिलेलं असलं तरी खरं तर तोच हवा असणार, असं संचिताने धरलं.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी क्षिप्राताई पाकीट घेऊनच आल्या. बसल्या नाहीत.

"लिहिणाऱ्याचं नाव विचारत नाही. ते दिसतंय. कोंडाबाईला निरोप दुपारी मिळतो. हे कितव्या पुस्तकात आहे गं, संचिता?"

"कुठल्याच नाही. मी घातलंय."

"कुठून आणलंस?"

खोलीतले बाकीचे चकलीकडे बघत होते.

"माझ्या घरातून आणलंस. विचारलं होतंस मला?"

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहिलं, ताई."

"मला बरं वाटावं, असं पत्रात कुठे होतं? दाखव ना. समेट नको, हे होतं. मराठीतच होतं."

"ताई, सणाचे दिवस आहेत," रत्नदीप म्हणाला. "एक चकली घ्या."

"तेल खवट आहे."

चकल्या योगिनीने केल्या होत्या. देवघेवीची यादीही तीच ठेवायची. तिने डब्याचं झाकण लावून टाकलं.

संचिताचे कान तापले. "समेट नको, पाऊस नको, हे नको, ते नको. तुम्हाला कुणी काही द्यायला जाऊच नये. तुम्हाला गोष्ट नको असते, ताई. चुका काढायला माणूस हवं असतं."

"आणि तू चार वर्षं तेच माणूस व्हायला येतेस. का येतेस मग?"

क्षिप्राताईंनी पाकीट पिशवीत टाकलं.

"पोच?" योगिनीने विचारलं. तिलाही आता राग आला होता. "यादीत लिहायचं असतं मला."

"नीट वाचून देईन. एकदाच वाचलंय अजून."

त्या जिना उतरल्या तेव्हा कुणी थांबा म्हणालं नाही. "सुटलो," असं कुणीतरी म्हणालं. ते कोण हे संचिताने बघितलं नाही, कारण तिच्याही मनात तेच होतं.

योगिनी गटावर यादी टाकत राहिली. आठ पोचा आल्या. नवव्या ओळीपुढे 'बाकी'. संचिता ऑफिसात प्रुफं तपासता तपासता फोन उलटा करून बघायची. तुळशीचं लग्न झालं. 'बाकी' तसंच. त्या संध्याकाळी तिने क्षिप्राताईंना लिहिलं, 'पोच नको आता. गोष्ट फाडून टाका. माझीच चूक झाली, तुमच्यासाठी लिहिलं.' दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

पाचव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"संचिता तूच का? मी हेमा. क्षिप्राची बहीण. ती गेली. सोमवारी. तुझ्या नावाची चिठ्ठी लावलेलं पाकीट आहे, घेऊन जा. रविवारपर्यंत ये, मग मी घर बंद करणार."

संचिता "हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने हातातलं प्रूफ पुढे तपासायला घेतलं. त्या पानावरच्या साऱ्या चुका तिच्याकडून सुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल तिने बोलणी खाल्ली.

रविवारी संचिता क्षिप्राताईंच्या घरी गेली. हेमाताई स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या पोत्यात भरत होत्या. तोंडावळा तोच, आवाजही तोच.

"तू आलीस. बाकीच्यांना सवड नसेल," त्या म्हणाल्या. "ते पण बरोबर आहे. तिच्याशी कुणाचं पटलंय?"

"माझंही भांडण झालं होतं."

"मग रांगेत उभी राहा." त्यांनी एक बरणी जोरात आपटली. "कंपनीत पडली. सकाळी. तिच्या कागदांवर माझा नंबरच नव्हता. शोधत बसले ते. मला दुपारी कळवलं."

संचिताने बाहेर राहिलेली एक बरणी उचलून त्यांच्या हातात दिली.

"ते बघ टेबलावर. घे आणि जा. मला अजून कपाटं काढायची आहेत."

पाकिटावर नेहमीसारखी चिठ्ठी होती. संचिताचं नाव, तारीख. तारीख तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे तो निरोप वाचल्यानंतरची. आत तिचीच नऊ पानं. पहिल्या पानापासून पेन्सिलीच्या खुणा. 'हुशारी दाखवू नकोस.' 'खाडीला असला वास येत नाही, जाऊन हुंगून ये.' तिसऱ्या पानावर अख्खा परिच्छेद खोडलेला. दुपारचा निरोप पाचव्या पानावर होता. त्यावर काट नव्हती. फक्त 'दुपार' या शब्दापुढे लिहिलं होतं, 'दीड वाजता.'

सातव्या पानाच्या तळाशी बहीण धक्क्यावर येऊन उभी राहते आणि बोलू लागते. तिथे समासात लिहिलं होतं, 'घाई करू नकोस. कोंडाबाईने आधी उतरायची फळी टाकायला हवी. मग तिला बोलू दे.'

"काय लिहिलंय एवढं?" हेमाताईंनी आतून विचारलं.

"दुरुस्त्या आहेत."

"वाटलंच."

आठव्या आणि नवव्या पानावर पेन्सिल टेकलेली नव्हती. संचिताने गठ्ठा उलटा केला. शेवटच्या पानाच्या पाठीमागे वरच्या कोपऱ्यात 'पोच' असं लिहिलं होतं आणि त्याखाली पट्टी धरून एक सरळ रेघ मारली होती. रेघेखालचं पान कोरं होतं.