डॉक्टरच्या आवाजातलं ‘पुरे’

कबुलीजबाब म्हटलं का कान टवकारले ना तुमचे? काय वाटलं — पेपर फोडला? पळून लग्न केलं? नाई हो. मी काढा चुकवला. बस, एवढंच... पन एवढंच असतं तं तीन वर्सं कोणालेच काऊन नाई सांगतलं?

सिंदी मेघेले आत्याकडं राहून मी बी.एस्सी. करून राह्यलो होतो. आत्याले व्हायरल ताप आला. उतरलाही. डॉक्टरनं सोमवारी रक्त तपासाले बोलावलं होतं. पन तिचा गुळवेलीचा काढा काई सुटे ना — सोता पेये, मलेही पाजे. दिवसातून तीनदा! कारलं गोड वाटावं, असा कडू.

त्याच हप्त्यात कॉलेजात शिकलो — विषाणूशी लढणाऱ्या पेशींले “पुरे आता” म्हणणाऱ्या पेशी अंगातच असतात. रेग्युलेटरी टी पेशी. त्या नसल्या तं फौज आपलंच घर फोडते. मी तं नाचलोच — काढ्यालेही ‘पुरे’ म्हणाले कारण भेटलं! डॉक्टरसाहेबांचा आवाज मले हुबेहूब काढता येतच होता — आधी खाकरणं, मंग नाकातून “हं, बरं का...”

दोस्ताच्या मोबाईलवरून, डॉक्टर बनून, आत्याले फोन लावला. पेशी समजावल्या, काढा बंद करवला. डॉक्टरनं सोता फोन केला म्हणून ती भल्ली खुश! म्हणे, “मंग सोमवारी येऊ का नोको?”

इथं थांबाले पाह्यजे होतं ना? पन रंगात आलेला नकल्या थांबते काय? “हं, बरं का, काई गरज नाई.”

फोन ठेवला अन् वहीतली पुढची ओळ आठवली — लढाई संपायच्या आधीच ‘पुरे’ झालं, तं विषाणू अंगात टिकून राहू शकते. संपली का नाई, मी कुठं पाह्यलं होतं?

दोन दिवस तिच्या कपाळाले हात लावत फिरलो. सोमवारी सकाळी फोनवर पुन्हा तोच आवाज काढला — “या, आजच या.”

दवाखान्यात डॉक्टरसाठी आणलेली संत्र्याची टोपली माह्या हातात, अन् आत्या डॉक्टरवर सुटली, “एकदा नोको म्हणता, एकदा या म्हणता! एका बोलीचे राहा ना साहेब!” ते खाकरले. “हं, बरं का... मी?” मंग बिचाऱ्यानं माफी मागतली — न केलेल्या गोष्टीची. मी टोपलीत पाहत उभा. रिपोर्ट मस्त आला. मी संत्र्यासकट उड्या मारल्या असत्या. पन टोपली टेबलावर ठेवली अन् आत्यामागं घरी निघालो.

आज सकाळी आत्याले सांगतलं. आधी डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली. मंग उठली.

“पोट्ट्या, त्या भल्या माणसाले मी चार लोकाईपुढं बोलली, अन् तू संत्रे पाहत होता? घाल चप्पल! चाल त्याईच्यापुढं. अन् तिथं तुयाच आवाजात बोलजो — येते का तो तुले?”