देवळात वाचलेलं उत्तर

खाकी लिफाफ्याच्या डिंकाचा वास आला की चिखली तालुक्यातलं ते गाव आठवतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी तिथे मास्तर होतो. पावसाळ्यात नदी भरली की गावाचा चिखलीच्या दवाखान्याशी संबंध तुटे. आमच्या खासदारांनी दिल्लीत पुलाची, आणि पूल होईपर्यंत निदान सरकारी नावेची मागणी लावून धरली होती. माणूस कळकळीचा, आलेलं उत्तर त्यांनी खाकी लिफाफ्यासकट जसंच्या तसं गावाला पाठवलं. इंग्रजी कागद वाचण्याआधीच लोकांनी त्याला देवळात नेऊन हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग तो माझ्या हाती दिला. विषय राज्याच्या अखत्यारीतला असल्याने मागणी तिकडे पाठवली आहे, एवढाच मजकूर होता. पूजा झालेल्या कागदात काहीच नाही, असं सांगायला माझी जीभ रेटेना. "मागणी पुढे गेली आहे," मी म्हणालो. "मंग नाव येऊन राह्यली म्हना की," एक म्हातारा म्हणाला. त्याची सून पोटुशी होती. "सुनेले आतापासून चिखलीले कायले धाडू? येईन ना नाव, मास्तर?" मी "येईल" म्हणालो. श्रावणात नदी दुथडी भरली, सून दोन दिवस अडली आणि काठावर आणलेल्या बाजेवरच गेली. "तुमचा काय दोष, मास्तर? सरकारनं फसवलं," म्हातारा म्हणाला आणि मी होकारार्थी मान हलवली. पुढे सरकारची थट्टा करण्यात माझी हयात गेली. पण त्या कागदात सरकारनं कसलंच वचन दिलं नव्हतं. ते मी दिलं होतं.