एका माणसाचा ओटा

शैलजा लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिला एकच गोष्ट बजावली होती. भाऊ भांडतील, चार दिवस एकमेकांशी बोलायचे नाहीत, चालेल. पण चूल वेगळी होऊ द्यायची नाही. चूल वेगळी झाली की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो. पुढे सासूबाई गेल्या, शिरपूर सुटलं, गोकुळ आणि अशोक हे दोघे भाऊ सिल्वासाच्या सूत कारखान्यांत चिकटले आणि अथालच्या रस्त्याला दोघांनी मिळून घर बांधलं. त्या घरात चूल एकच, आणि तिच्यावर हुकूम थोरल्या शैलजाचा. धाकटी जाऊ वर्षा भाजी चिरायची, फोडणी शैलजा द्यायची. तिला मूलबाळ झालं नाही, पण वर्षाची तन्वी तिच्याच ताटात जेवून मोठी झाली.

मग शैलजाचा नवरा गोकुळ गेला. पाळी संपवून घरी आला, जेवायला बसायचं म्हणून मोरीत हात धुवायला वाकला आणि तिथेच बसला. त्याला अडीच वर्षं झाली. शैलजा फार रडली नाही. किती सोसते म्हणून शेजारणींनी कौतुक केलं. ती सोसतबिसत काही नव्हती. तिला काही होतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर हिरडी असते, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. जिभेचंही तेच. पुरणपोळी वाढा नाहीतर मिरचीचा ठेचा, ती दोन्ही सारख्याच शांतपणे गिळायची.

गोकुळला जाऊन दोन महिने झाले असतील. रविवार होता आणि अशोकने दुधनीहून ताजा रोहू आणला होता. वर्षाने ताटात तुकडी वाढली, शैलजाने ती कडेला सरकवली आणि वरणभात जेवून उठली. घडलं ते एवढंच. तिला काटे काढायचा कंटाळा आला होता. पण घरच्यांना तेवढंसं पुरतं. वहिनींनी दादामागे मासे सोडले, असं अशोकने ठरवलं, वर्षाने चार बायकांना डोळे पुसत सांगितलं आणि महिन्याभरात त्याचं व्रत झालं. शैलजाला कुणी विचारलं नाही. तीही मूग गिळून बसली, कारण खुलासा करायचा म्हणजे बोलावं लागतं. मग तिची कढई वेगळी झाली. मग रविवारी तिचं ताट आधी वाढलं जाऊ लागलं, वास नको म्हणून. सगळं प्रेमानेच चाललं होतं, त्याबद्दल शंका नाही. प्रेमाने माणसाला कोपऱ्यात सरकवलं की त्याला ओरडताही येत नाही.

अशा घरात स्वयंपाकघर नवं करायचं निघालं. जुन्या ओट्याचा कडप्पा तडकला होता, सिंकखालची भिंत कायम ओली. अशोक कारखान्यात मेंटेनन्सला. त्याने आलेखाच्या कागदावर यंत्र बसवावं तसं स्वयंपाकघर बसवलं. कागद जेवणाच्या टेबलावर पसरून तो बोटाने दाखवत गेला: इथे फ्रिज, इथे चिमणी, इथे धान्याचे डबे. मग बोट भिंत ओलांडून मागच्या कोठीच्या खोलीत गेलं. तिथे दुसरा ओटा काढला होता, छोटं सिंक आणि दोन बर्नरची शेगडी.

"वहिनी, हा तुमचा," तो म्हणाला. "तुमचं व्रत तुम्हाला पाळता येईल. आमच्या माशांचा त्रास नको."

शैलजाने कागद पाहिला. एका घरात दोन चुली. सासूबाईंचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं. आता छातीत काहीतरी हलेल म्हणून ती क्षणभर थांबली. काही हललं नाही. "बरं," ती म्हणाली. बाई, मी मासे सोडलेले नाहीत, एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

काम दीड महिना चाललं. अशोक कारखान्यातून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा आणि खेरडीचा वाळू नावाचा गवंडी मान डोलावून स्वतःला हवं तेच करायचा. तेवढे दिवस व्हरांड्यात एकच शेगडी होती. मासे धुवायला जागा नाही म्हणून सगळ्यांना एकच भाजी, एकच पातेलं, आणि फोडणी पुन्हा शैलजाकडे. चौघं गुडघ्याला गुडघा लावून जेवत. तिला त्यात सुख वाटलं असं म्हणता येणार नाही. पण काम लवकर संपू नये, असं तिला वाटत होतं हे खरं. मधूनमधून कुणीतरी येऊन विचारायचं: टाइल पांढरी की बदामी, नळ डावीकडे की उजवीकडे. ती काहीतरी एक सांगायची.

मागच्या खोलीत ग्रॅनाइट बसवायच्या दिवशी वाळूने तिला हाक मारली. उंची ठरवायची होती.

"बाई, या ओट्यावर कोण रांधणार?"

"मी."

"नि खाणार कोण?"

"मीच."

वाळूने हातातली थापी खाली ठेवली. "बांधायला सांगितलं तर बांधतो," तो म्हणाला. "पण एका माणसाचा ओटा मी आजवर नाही बांधला."

तिने उंची सांगितली आणि व्हरांड्यात परत येऊन डाळ ढवळली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा डाळीत मीठ दोनदा टाकलं.

काम संपलं तो रविवार. आधी मोठ्या ओट्यावर वर्षाने दूध उतू घालवलं, मग सगळे मागच्या खोलीत आले आणि शैलजाच्या शेगडीवर छोट्या पातेल्यातलं दूध उतू गेलं. तन्वीने फोटो काढला. वर्षा शैलजाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की ताई, आता तुमचं तुम्हाला मोकळं झालं. मग सगळे गेले.

शैलजाने मूठभर तांदूळ धुतले. भिंतीपलीकडे तेल तडतडलं, ताटं मांडल्याचा आवाज आला, अशोक काहीतरी बोलला आणि तन्वी हसली. शैलजाला भीती वाटली. अडीच वर्षांत तिला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ती भीती होती. इथे आपण रोज एकटे जेवणार, मरेपर्यंत. तिने गॅस बंद केला. ओलं पातेलं तसंच ठेवून ती मोठ्या स्वयंपाकघरात गेली, फळीवरचं ताट काढलं आणि तन्वीशेजारी बसली.

"वर्षा, मला एक तुकडी वाढ."

वर्षाचा हात कढईवर थांबला. "ताई, तुम्ही तर सोडलेत ना?"

"नाही. त्या दिवशी काटे काढायचा कंटाळा आला होता."

अशोकने आधी तिच्याकडे आणि मग मागच्या दाराकडे पाहिलं. "मग वहिनी, तो ओटा..."

"तुम्ही विचारलं नाहीत, भाऊ. मी सांगितलं नाही."

वर्षाने तुकडी वाढली. शैलजाने सावकाश काटे काढले आणि घास तोंडात घातला. चव आली नाही. मीठ कमी की जास्त, तेही कळलं नाही. तिने तुकडी संपवली, ताट पुढे केलं आणि आणखी एक मागितली.