रत्नागिरीत रेडिएटर

मे महिन्यात पंखा दुरुस्तीला घेऊन मी मांडवीजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो होतो. तिथे घामाने निथळणारे एक आजोबा खोली गरम करायच्या जुन्या रेडिएटरचा थर्मोस्टॅट मागत होते.

"हिटर? ह्या उकाड्यात?" दुकानदार हसला.

"बायकोला वाटतं, आम्ही अजून सिमल्यातच आहोत. हल्लीचं काही तिच्या लक्षात राहत नाही. हिटर बंद पडल्यापासून कुडकुडत बसते."

"मग नुसता लाल दिवा पेटता करून देतो की!"

"नको. ती हात लावून बघते."

दुकानदाराने हसू आवरलं आणि कोल्हापूरला फोन लावला. पार्ट शनिवारी येणार होता.

"आणि तुम्ही काय करता त्या खोलीत?" मला विचारल्यावाचून राहवेना.

रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "स्वेटर घालून बसतो. नाहीतर ती स्वतःची शाल काढून मला पांघरते."